मिकी माऊस ॲक्टिव्हाला बांधला होता

बारा हजार रुपये गेले. त्याचं वाईट वाटतंच, पण रात्री जाग येते ती दुसऱ्याच गोष्टीने. सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये हवेचा मिकी माऊस उभा आहे, आत सहा पोरं उड्या मारताहेत, आणि त्याचा एक दोर माझ्या नवऱ्याच्या ॲक्टिव्हाला बांधलेला आहे. डबल स्टँडवर लावलेल्या, हँडल लॉक केलेल्या ॲक्टिव्हाला. जणू लॉक केल्याने ती जड होणार होती.

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. मेच्या सुट्टीत अर्धी सोसायटी गावाला जाते आणि उरलेली मुलं दुपारभर घरात मोबाइल घेऊन बसतात. कमाठीबागेच्या दोन फेऱ्या झाल्या, आजोळ झालं, तरी सुट्टी काही संपेना. म्हणून सहा घरांनी मिळून ठरवलं, एक संध्याकाळ मुलांसाठी. घरटी दोन हजार काढायचे आणि हवेची मोठी घसरगुंडी आणायची. सेवउसळ आणि आइस्क्रीम ज्याने त्याने घरून आणायचं. जबाबदारी कोण घेणार म्हटल्यावर हात वर केला तो मी.

जाहिरात मला फोनवरच दिसली. निळीपांढरी, दोन मजली उंच घसरगुंडी, खाली पाण्याचं टाकं, मागे हिरवंगार गवत. चार तासांचे साडेसात हजार. आता तो फोटो पाहिला की हसू येतं, कारण मे महिन्यात बडोद्यात असं गवत आहे कुठे? मागची घरंसुद्धा उतरत्या छपरांची, कुठल्या तरी परदेशातली. फोटो कुठून आला हे फोनवरच शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. तेवढी दोन मिनिटं मी काढली नाहीत. भाव चांगला वाटला की डोळा पुढचं बघत नाही.

फोनवर माणूस अतिशय गोड. "चिंता ना करो बेन, बधुं थई जशे." तीन हजार आगाऊ आणि तीन हजार डिपॉझिट, म्हणजे परत मिळणारे. पैसे पाठवताना ॲपवर नाव आलं ते कुणा बाईचं, जाहिरातीतल्या नावाशी काही संबंध नसलेलं. विचारलं तर म्हणाला, "ए तो मारी भाभीनुं खातुं छे." मी मान डोलावली. फोनवर मान डोलावलेली कोणाला दिसते, पण डोलावली. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर अंगठा आला.

एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात यायला हवी होती. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. जागा केवढी आहे, खाली माती आहे की फरशी, वरून विजेच्या तारा जातात का, पॉवर प्लग किती लांब आहे, मुलं किती वर्षांची, काहीच नाही. फक्त तारीख आणि पत्ता. पुढे गणपतीच्या वेळी आमच्या मांडववाल्याला मी ही सगळी कथा ऐकवली. तो म्हणाला, "ताई, मी तुमच्याकडे साधा पडदा बांधायला आलो तरी आधी खाली काय आहे ते बघतो. ज्याने विचारलंच नाही, त्याला तुमच्याकडे काही उभं करायचंच नव्हतं."

चार वाजता यायचं ठरलं होतं. आला पाच वीसला. मुलांना साडेपाचला बोलावलं होतं. तेव्हा मी याला आळस समजले, पण आता खात्री आहे की ही वेळ हिशेबाने साधलेली असते. त्याचा छोटा हत्ती टेम्पो गेटमधून आत आला तेव्हा बावीस मुलं चपला काढून तयार उभी होती.

टेम्पोतून निघालं ते बारा बाय बाराचं एक मळकट गाठोडं. घसरगुंडी नाही, टाकं नाही. आपल्याकडे हवेवर फुगणाऱ्या कुठल्याही वस्तूला मिकी माऊसच म्हणतात, मग त्यावर हत्ती का रंगवलेला असेना. हा खरोखरचा मिकी होता, पण उन्हाने तोंड पांढरं पडलेला आणि एक कान शिवलेला. मी विचारलं, घसरगुंडी कुठंय? तर म्हणे, "पेली स्लाइड तो आजे भरूच गई, बेन. आ पण मस्त छे. छोकरांने तो कूदवानुं ज छे ने!" म्हणजे ती आज भरूचला गेली, हीपण मस्त आहे, मुलांना काय, उड्याच तर मारायच्यात.

आणि मग एकेक बाहेर पडायला लागलं. भाडं तेच, आधी उरलेले साडेचार हजार रोख द्या. ब्लोअर आणि वायरचे बाराशे वेगळे. सोबतच्या पोराचे आठशे वेगळे. मी म्हटलं, ब्लोअरशिवाय हे फुगतं तरी कसं? तर तो म्हणाला, तेच तर. सासरे म्हणाले, परत पाठव. नवरा म्हणाला, भांडू नकोस, सगळे बघताहेत. आणि खरंच सगळे बघत होते. त्यात माझा धाकटा. तो नुसता उभा होता, काही बोलत नव्हता. घासाघीस करून वरच्या दोन हजारांचे दीड हजार केले आणि मी पैसे मोजले.

या माणसाचं भांडवल तो फाटका मिकी नव्हता, मुलांसमोर आईबाप भांडणार नाहीत ही खात्री होती. पाच वीस ते साडेपाच या दहा मिनिटांवर त्याचा सगळा धंदा चालतो. रस्त्यात अडवून कोणी पाकीट मागितलं असतं तर मी आरडाओरडा केला असता. इथे मी स्वतःच पर्स उघडली.

आता बांधण्याची गोष्ट. आमचा कॉमन प्लॉट मागच्या वर्षी पेव्हर ब्लॉक घालून घेतला, त्यामुळे खुंटी ठोकायला माती नाही. खुंट्या त्याच्याकडे नव्हत्याच म्हणा. चार दोर होते. एक लिंबाला, एक गेटच्या जाळीला, एक सिमेंटच्या अर्ध्या गोणीला आणि चौथा, "आ कोनी एक्टिवा छे?" असं विचारून, आमच्या ॲक्टिव्हाला. मी तिथेच उभी होते. कोणी तरी हसलं. मीही हसले.

नंतर मी याविषयी शोधून शोधून वाचलं. युरोपात या खेळण्यांसाठी ईएन 14960 नावाचं मानक आहे. त्यानुसार दोर निदान सहा जागी बांधायचे. मातीत खुंटी ठोकायची तर ती 380 मिलिमीटर लांब आणि 16 मिलिमीटर जाड हवी, म्हणजे सव्वा फूट लोखंड जमिनीत. फरशीवर खुंटी जमत नसेल तर दर दोराला 163 किलो वजन. सिमेंटची भरलेली गोणी 50 किलोची असते, म्हणजे एकेका दोराला तीन गोण्यांहून जास्त. आमच्याकडे एका दोराला अर्धी गोणी होती, आणि ॲक्टिव्हा भरते शंभर किलोच्या आसपास. वारा ताशी 38 किलोमीटरच्या वर गेला की वापरच बंद करायचा. आणि बडोद्यात मेअखेरीला संध्याकाळी वारा कसा सुटतो हे गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

पहिला घोळ विजेचा. या मिकीच्या शिवणीतून हवा सतत निसटत असते, म्हणून ब्लोअर अखंड चालू ठेवावा लागतो. फुग्यासारखं एकदा भरून तोंड बांधलं असं नसतं. त्या पोराने कॉमन मीटरच्या खोलीतून वायर ओढली, मध्ये एक जोड, त्यावर टेप नाही, आणि तळवे भाजताहेत म्हणून त्याच मिकीवर पाइपने पाणी मारू का असं विचारत होता. उन्हात तापलेल्या त्या रेक्झिनवर पाय टेकवत नव्हता हे खरं, पण पाणी आणि उघडी वायर! माझी जाऊ त्याच्या अंगावर ओरडली तेव्हा त्याने पाइप खाली ठेवला. दहा मिनिटांत एमसीबी, म्हणजे मीटरजवळचा सुरक्षेचा स्विच, पडला आणि वीज गेली. भिंती हळूहळू आत वाकल्या. बाहेरची मुलं टाळ्या वाजवायला लागली, आतली मोठी हसत बाहेर निघाली आणि पहिलीतली एक मुलगी कापडाखाली राहिली. आम्ही चौघींनी भिंत उचलून धरली, नवरा आत रांगत गेला. मिनिटभराची गोष्ट. ती घामेघूम, रडत नव्हती, नुसती बघत होती.

तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण पैसे दिलेले असतात ना. पुन्हा फुगवला.

साडेसहाच्या सुमारास वारा आला. मिकीची लिंबाच्या समोरची बाजू जमिनीवरून वीतभर उचलली आणि परत बसली. ॲक्टिव्हा स्टँडवरून पुढे सरकली, तिचा पेव्हरवर घासल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. सासरे प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्य मशीनसमोर गेलेल्या माणसाचा आवाज अशा वेळी वेगळाच निघतो. "छोकरां बहार! मशीन बंध कर!" तो पोरगा म्हणाला, "काका, पवन तो आवे ज ने." सासऱ्यांनी त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवला नाही. मुलं बाहेर काढली आणि जाऊन स्वतः प्लग काढला.

चार तासांचं भाडं, खेळ झाला जेमतेम चाळीस मिनिटं.

बडोद्याच्या माणसाला 18 जानेवारी 2024 सांगावी लागत नाही. हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, लाइफ जॅकेट सगळ्यांना नाहीत. त्या रात्री टीव्हीसमोर बसून मी म्हटलं होतं, कोणी विचारलं कसं नाही? ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या डेव्हनपोर्ट गावात 16 डिसेंबर 2021 ला शाळेच्या मैदानावरचा असाच हवेचा किल्ला वावटळीने उचलला, त्यात 6 मुलं गेली. हे मी पार्टीनंतर वाचलं. हरणीचं मात्र आधीच माहीत होतं, आणि तरी मी ॲक्टिव्हाकडे बघून हसले.

मिकी घडी करताना शेवटचा डाव निघाला. कानाखाली हातभर चीर दाखवून म्हणाला, तुमच्या छोकरांनी फाडलं, डिपॉझिट मिळणार नाही, वर अडीच हजार द्या. नशीब, तिसऱ्या मजल्यावरची दहावीतली मुलगी सुरुवातीपासून रील काढत होती. तिच्या पहिल्याच व्हिडिओत, एकही मूल आत जाण्याआधी, ती चीर आणि तिच्यावर निघालेली चिकटपट्टी स्पष्ट दिसत होती. ते पाहून तो एकदम भाऊ झाला. "सारुं बेन, काले डिपॉझिट मोकली दईश." उद्या पाठवतो म्हणे. वरचे अडीच हजार सोडले, डिपॉझिट काही हातावर ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरंच मेसेज आला, सोबत क्यूआर कोड. स्कॅन करा, तीन हजार तुमच्या खात्यात येतील. नवऱ्याने स्कॅन केला, पिनपर्यंत पोहोचलासुद्धा. मी डोकावले तर वर 'पे' लिहिलेलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. फोन त्याच्या हातातून काढून घेतला. एवढंच काय ते आमचं शहाणपण.

1930 वर फोन केला, ती ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीची तक्रार घेणारी हेल्पलाइन. त्यांनी ऐकून घेतलं, क्यूआर कोडची नोंद केली, पण बारा हजारांचं म्हणाले की तुम्हाला वस्तू मिळाली, वाईट मिळाली, ही ग्राहकाची तक्रार. मग 1915, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, समोरच्याचं पूर्ण नाव? धंद्याचं नाव, पत्ता? बिल? माझ्याकडे होतं ते असं: बंद पडलेला एक नंबर, कुणाच्या तरी वहिनीचं खातं आणि एक अंगठा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण नोटीस पाठवायला पत्ता तर हवा. टेम्पोचा नंबर कोणी टिपला नव्हता. रीलमध्ये टेम्पो आहे, नंबरप्लेटसमोर आमची मुलं नाचताहेत.

बाकीच्या पाच घरांचे दोन-दोन हजार परत करायला मी निघाले. दोघांनी घेतले. तिघांनी "असू दे गं, मुलं खेळली ना" म्हणून घेतले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

धाकट्याला विचारलं, पार्टी कशी झाली? म्हणाला, मस्त, आजोबांनी मिकीला झोपवलं ते सगळ्यात भारी.

मागच्या आठवड्यात ती घसरगुंडी मला पुन्हा दिसली. तोच फोटो, तेच गवत, नाव नवीन, भाव पाच हजार नऊशे नव्याण्णव. मी दुसऱ्या नंबरवरून मेसेज टाकला: चार तासांसाठी हवी आहे, मुलं वीस. लगेच उत्तर आलं, "चिंता ना करो बेन, तारीख बोलो." मी लिहिलं, आमच्याकडे खाली पेव्हर ब्लॉक आहेत, दोर कशाला बांधणार?

दोन निळ्या टिका आल्या. उत्तर अजून नाही.