टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर : मोटरहोममधील १२ व्होल्टचे बिघाड शोधताना

मोटरहोममधील, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतील, दिवा, पंखा किंवा पंप बंद पडतो, फ्यूज शाबूत असतो आणि तरीही उपकरण चालत नाही. अशा वेळी बल्बचा साधा टेस्ट लॅम्प (वायरला लावून वीज येते का ते दाखवणारा दिवा) घ्यावा की डिजिटल मल्टिमीटर (व्होल्टेज व प्रवाह आकड्यांत मोजणारा मीटर), हा प्रश्न स्वतः दुरुस्ती करणाऱ्यांना पडतोच. माझ्या पेटीत दोन्ही आहेत, मात्र बिघाड शोधायला बसलो की हात आधी टेस्ट लॅम्पकडे जातो.

मल्टिमीटरची बाजू कमकुवत नाही. काही तास विसावलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते की १२.१, म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे की निम्मी उतरली आहे, हे बल्बच्या उजेडावरून कोणालाही सांगता येणार नाही. चार्जर चालू असताना बॅटरीपर्यंत १४ व्होल्टच्या आसपास सप्लाय पोहोचतो का आणि सगळे बंद केल्यावरही किती मिलिअँपिअर प्रवाह जात राहतो, हे पाहणेही मीटरचेच काम आहे. ज्यांची बॅटरी रात्रीतून उतरते, त्यांनी बहुधा मीटरच घ्यावा.

माझ्याकडे दुखणे पाण्याच्या पंपाचे होते. नळ उघडल्यावर तो कधी नीट चाले, तर कधी नुसता गुरगुरून थांबे. पंप टाकीच्या मागे अडचणीत असल्यामुळे प्रोब (मीटरची टोकदार टोके) टेकवण्यासाठी कनेक्टर सोडवावाच लागे, आणि सोडवला की मीटर हटकून १२.६ व्होल्ट दाखवी. मीटरवर विश्वास ठेवला तर सप्लाय उत्तम आहे, तेव्हा पंपच बदलावा, असा निष्कर्ष निघत होता. वस्तुतः अशा मीटरचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगाओहम असतो, त्यामुळे तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर प्रवाह ओढतो, आणि एवढा प्रवाह गंजलेल्या जोडातूनही सुखाने जातो. पंपाला मात्र काही अँपिअर लागतात. पंप जोडलेला आणि चालू ठेवून मोजले तर मीटरही व्होल्टेज ड्रॉप (वाटेत किती व्होल्ट गळतात ते) बिनचूक सांगतो, हे मान्य करायला हवे. पण जोड उघडल्याशिवाय प्रोब पोहोचत नाहीत आणि जोड उघडला की लोड (प्रवाह ओढणारे उपकरण) सुटतो, ही अडचण मोटरहोमच्या कोंदट कपाटांत पदोपदी येते, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच केला.

त्याच सुट्या कनेक्टरवर २१ वॅटचा बल्ब लावला, तेव्हा त्याची तार कशीबशी लाल झाली. हा बल्ब पूर्ण पेटायला पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे लोड तो स्वतःच आणतो. लॅम्प तसाच लावून ठेवून मी मागची वायर थोडी थोडी हलवत गेलो. अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या वायरच्या, लगला (टोकावरील धातूच्या कडीला) बोट लागताच बल्ब भक्कन पेटला आणि बोट काढताच मंदावला. लग कापून पाहिला, तर आत हिरवी भुकटी साचली होती आणि तांब्याच्या मोजक्याच तारा धरून होत्या. अशी क्षणभराची उघडझाप डिजिटल आकड्यांत पटकन कळत नाही. शिवाय दोन्ही हात प्रोबमध्ये अडकल्यावर वायर हलवायला हातच उरत नाही.

अर्थचा दोष पकडायलाही लॅम्प मला सोपा वाटतो. निवासी भागाच्या भिंती सहसा फायबरच्या किंवा लाकडी सांगाड्याच्या असल्याने अर्थ वायरनेच चासीपर्यंत न्यावा लागतो, आणि बिघाड पुष्कळदा त्या परतीच्या वाटेवर असतो. लॅम्पची क्लिप जवळच्या अर्थला लावल्यावर बल्ब मंद आणि लांब वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावल्यावर लख्ख पेटत असेल, तर पॉझिटिव्हच्या बाजूला शोधत बसण्याचे कारण नाही.

लॅम्पला मर्यादा आहेत आणि त्या पाळाव्याच लागतात. इंजिनाचे कंट्रोल युनिट, सेन्सर आणि एअरबॅग यांच्या वायरिंगला तो लावू नये, कारण तो ओढत असलेला प्रवाह तिथे नुकसान करू शकतो. २३० व्होल्टच्या बाजूला तर हा लॅम्प नेऊच नये; ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे.

दोन्ही घेणे जमत असेल तर उत्तमच. एकच घ्यायचे असेल आणि उपकरणे मधूनच बंद पडण्याचा त्रास असेल, तर माझा कल लॅम्पकडे राहील. तो घेताना आत तारेचा बल्ब आहे ना, हे पाहावे. एलईडीचा टेस्टर काही मिलिअँपिअरवरच पेटतो, त्यामुळे कच्च्या जोडावरही तो मीटरसारखाच सर्व ठीक असल्याचे दाखवतो.