‘ॲसिडमुक्त’ जतन संच: हँडबिलांना उत्तम, लाटण्याला निरुपयोगी

ॲसिडमुक्त जतनाचे तयार संच आता ऑनलाइन सहज मिळतात. पुठ्ठ्याच्या पेट्या, फोल्डर, पॉलिएस्टरचे पारदर्शक लिफाफे, पातळ टिश्यू कागद, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, पीएच (म्हणजे आम्लता) तपासायचं पेन आणि लेबलं, एवढा ऐवज असतो. सरकारी दफ्तर सांभाळायचं असेल तर डोळे मिटून घ्या. स्त्रियांच्या राजकीय चळवळींचा संग्रह सांभाळणाऱ्या क्युरेटरने मात्र जरा थांबावं. त्याच्याकडे (बहुधा तिच्याकडे) येणारं सामान ए-फोर मापाचं नसतं. 1972 मध्ये मुंबईत महागाईविरोधात निघालेला लाटणं मोर्चाच घ्या: हँडबिलं, कापडी फलक, बिल्ले, आणि चक्क लाटणी-थाळ्या.

आधी पेन. फोल्डरवर रेघ ओढा. जांभळी उमटली तर ठीक, पिवळी पडली तर माल परत करा. पेटीची तपासणी वरच्या पांढऱ्या कागदावर नको, कापलेल्या कडेवर करा. स्वस्त पेट्यांत आत करडा पुठ्ठा असतो आणि वरून चांगला कागद चिकटवलेला. मूळ हँडबिलावर हे पेन कधीही टेकवू नका, त्याची शाई निघत नाही.

लिफाफे हा संचातला सर्वांत चांगला भाग. 75 ते 100 मायक्रॉनचं पॉलिएस्टर आणि दोनच बाजू जोडलेल्या, असं पाहून घ्या. चारही बाजूंनी बंद लिफाफ्यात सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून छापलेल्या) पत्रकाचं ॲसिड आतच कोंडतं आणि कागद लवकर तपकिरी होतो. म्हणून पत्रकाच्या मागे ॲसिड मारणाऱ्या क्षारयुक्त कागदाचं एक पान ठेवायचं. त्याआधी गंजलेली स्टेपलची पिन काढा, पण ओढून नाही: खाली पॉलिएस्टरची पट्टी सरकवा, बोथट पातीने पिनेचे पाय उभे करा, मग उचला. जुनी चिकटपट्टी दिसली तर हात लावू नका, ते संवर्धकाचं, म्हणजे जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं काम. खडू किंवा कोळशाने लिहिलेली घोषणा लिफाफ्यात गेली की स्थिर विजेने भुकटी प्लॅस्टिकला चिकटते. तिला साधा फोल्डरच बरा.

टिश्यूवर आमचा खरा राग आहे. बहुतेक संचांत तो क्षारयुक्त असतो, म्हणजे त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. कागदाला आणि सुती कापडाला ते चालतं, रेशीम आणि लोकर मात्र प्रथिनांची, क्षाराने कमजोर होणारी. सभेत नेसलेली रेशमी साडी या टिश्यूत गुंडाळू नका. क्षारविरहित टिश्यू वेगळा मागवा. रंगवलेला कापडी फलक तर पेटीत मावतच नाही आणि घडी घातली की रंग घडीवरच तडकतो. किमान 10 सेंटिमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर पॉलिएस्टर फिल्म, फिल्मवर क्षारविरहित टिश्यू, आणि रंगाची बाजू बाहेर ठेवून फलक गुंडाळा. नळकामाचा पीव्हीसी पाइप नको, त्यातून निघणारी वाफ आम्लधर्मी असते.

लाटण्यासाठी या संचात काहीच नाही. लाकडातून ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटते, त्यामुळे बिल्ले आणि लाटणं एका पेटीत ठेवले तर धातू खराब होतो. लाटण्यावरचा पिठाचा थर, तेलाचा डाग धुऊ नका, स्वयंपाकघरातून रस्त्यावर आल्याचा पुरावा तोच आहे. किडीची शंका आली तर पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांत दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर पाणी सुटतं.

सिलिकाच्या पुड्या कोकणातल्या, मुंबईतल्या पावसाळ्यात जवळजवळ शोभेच्याच. पुठ्ठ्याची पेटी हवाबंद नसते, त्यामुळे पुडी चार दिवसांत भिजून बसते. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर गेली की बुरशीची धास्ती. पेट्या बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा आणि खोलीत हवा खेळती ठेवा. सोबत डांबराच्या गोळ्या फुकट आल्या तर कचऱ्यात टाका: वाफ थंड पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक बनून बसते आणि काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. शिवाय ती आपल्याच नाकात जाते.

शेवटची तक्रार लेबलांची. नावासाठी एकच ओळ छापलेली असते. 1921 च्या आसपास मुंबई प्रांतात स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. लाटणं मोर्चाच्या नेत्यांपैकी मृणाल गोरे माहेरच्या मोहिले, अहिल्या रांगणेकर माहेरच्या रणदिवे. जुन्या पत्रकावर ‘सौ.’ आणि नवऱ्याचं नाव एवढंच असेल, तर एका ओळीच्या लेबलमुळे बाई नोंदवहीतून गायब होते. लेबल स्वतः कापा, तीन ओळींचं: माहेरचं नाव, सासरचं नाव, कागदावर जसं छापलंय तसं. लिहायचं पेन्सिलने, आणि फोल्डरमध्ये कागद घालण्याआधी, नाहीतर टोकाचा दाब आतल्या पत्रकावर उमटतो.