व्ही-क्रॉसला ४० मिमी लिफ्ट: उन्हाळा आणि पावसाळा काढल्यावर

स्पीडब्रेकरवर पुढून रबर पिळल्यासारखा 'चर्र' आवाज येत असेल, तर लिफ्ट किटला (गाडी उंच करणाऱ्या सस्पेन्शनच्या संचाला) शिव्या घालण्याआधी खालच्या आर्मचे, म्हणजे चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबर) बघा. लिफ्ट केलेल्या या इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचे काही महिन्यांतच फाटले. वर्कशॉपचं उत्तर ठरलेलं: नागपूरच्या उन्हानं रबर वाळलं. अहो, ऊन शहरातल्या सगळ्याच गाड्यांना लागतं आणि कंपनीचे बुश वर्षानुवर्षं टिकतात. चूक लिफ्ट बसवताना बोल्ट आवळण्यात झाली होती.

बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले की रबर त्याच कोनात जखडतं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. शिवाय उंचीही काही मिलिमीटर खोटी दिसते आणि गाडी उगाच कडक वाटते. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हातानं लावून सोडा, चाकं बसवा, गाडी जमिनीवर घ्या, पुढून दाबून दोन-चार वेळा हलवा, थोडी पुढे-मागे करा. मगच वजन चाकांवर असताना टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा) लावा. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) डोळे आणि पाटे चेसिसला लटकवणाऱ्या शॅकलचे बोल्टही असेच. हे काम अर्ध्या तासाचं. ते टाळलं की नवे बुश, ते प्रेसनं बसवण्याची मजुरी आणि पुन्हा अलाइनमेंट, सगळा भुर्दंड मालकाच्या खिशाला. याचा राग अजून गेलेला नाही.

उंची मात्र ४० मिमीच योग्य. 'तीन इंच करा, दिसते भारी' असं सांगणाऱ्याला सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन विचारा. पुढचं डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली न घेता एवढं उचललं की सांध्यावरचा रबरी बूट घासून फाटतो, ग्रीस उडतं. कॅस्टरही (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) घटतो, समृद्धीवर शंभरच्या वेगाला स्टिअरिंग आपोआप मधे येत नाही, हात सतत लावावा लागतो. ४० मिमीपर्यंत मूळ वरच्या आर्मवर अलाइनमेंट बसतं, ५० च्या पुढे वेगळा वरचा आर्म लागतो. नुसता स्पेसर (उंची वाढवणारी जाड चकती) घेणार असाल तर लक्षात ठेवा, पुढच्या स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीवर) २० मिमीचा स्पेसर चाकापाशी साधारण दुप्पट उंची देतो, कारण स्ट्रट आर्मच्या मधोमध बसतो. मोजायचं हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजलं की टायरच्या हवेचा फरक त्यात मिसळतो.

मागचे ३०० किलो कायम वजनासाठीचे पाटे सुरुवातीला नकोसे कडक वाटत होते. रिकामी गाडी सिमेंट रोडच्या जोडांवर उडायची आणि हलके पाटे घ्यायला हवे होते असंच मत होतं. काटोलकडून संत्र्याचे वीस किलोचे पंधरा कॅरेट भरल्यावर मत बदललं: मागची बाजू बसत नाही, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. रिकामीच फिरवणाऱ्यांनी मात्र हे पाटे घेऊ नयेत. गाडी जागेवरून निघताना पोटाखाली थरथर जाणवली तर प्रोपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगपाशी पातळ स्पेसर टाकून कोन सुधारतो.

लिफ्टनं गाडीखालचं सगळंच उंच होतं, हा गैरसमज काळ्या मातीनं लगेच काढला. लिफ्टनं चेसिस वर जाते, मागचा अॅक्सल तिथेच राहतो. उमरेडच्या बाजूला ट्रॅक्टरच्या खोल चाकोरीत मागचं डिफरन्शियल पूर्वीइतकंच घासतं. तिथे फक्त टायरचा व्यास कामी येतो, आणि २५५/६० आर१८ वरून २६५/६० वर गेलात तरी अॅक्सलखाली ६ मिमीच वाढतात. तेवढ्यासाठी चांगले टायर फेकू नका.

पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. चाकं पूर्ण लोंबकळवून ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी ताणत नाहीत ना ते पाहा, हेडलाइटची दिशा खाली करून घ्या. गाडीत बदल करण्याबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, त्यामुळे काम करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. नंतर विचारलं तर क्लेम अडकू शकतो. आणि वर्कशॉपला चावी देण्याआधी एकच गोष्ट लेखी घ्या: बुशचे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळणार.