मॅजेस्टी: सहा महिने राजा आहे, पण ऐकतंय कोण!

ठाण्याहून ट्रान्सहार्बरने ऐरोलीला आलो की जेवण उरकून रात्री तासभर गेम. 'मॅजेस्टी' पावसाळ्याच्या तोंडावर सेलमध्ये घेतला, दिवाळी होऊन गेली तरी डिलीट केलेला नाही. मूळ गेम २००० सालचा, सायबरलोर स्टुडिओचा. माझ्याकडे नंतरची एचडी आवृत्ती आहे.

'एज ऑफ एम्पायर्स'वर वाढलेल्यांनो, इथे आपण राजा असलो तरी शिपायांभोवती चौकोन ओढून त्यांना लढाईवर धाडता येत नाही. गिल्ड, म्हणजे हीरोंच्या संघाची इमारत, बांधायची, पैसे मोजून हीरो भरती करायचे, पुढे ते आपल्या मर्जीचे मालक. काम करून घ्यायचं तर राक्षसांच्या अड्ड्यावर बक्षिसाचा झेंडा रोवायचा आणि वाट बघत बसायचं. प्लंबरच्या मागे लागलेल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं दुःख मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

एकदा तीनशे नाणी लावली. वॉरियर झेंड्याला जवळजवळ घासून गेला, तो थेट बाजारात, औषधाची बाटली घ्यायला. धावत आला तो रोग, म्हणजे इंग्रजीतला 'rogue', भामटा. (मराठीत लिहिलं की आजारच वाटतो, लक्षणंही तीच.) पैशाचा वास याला सगळ्यात आधी येतो. रेंजर फुकटातही रानोमाळ भटकतो. विझर्ड पुढे भारी होतो, पण नवा असताना फुंकर मारली तरी आडवा.

खरी मजा हिशेबात आहे. बक्षिसाचे पैसे हीरो बाजारात नि लोहाराकडे उडवतात, आणि त्यातला कर वसुलीवाला दारोदार फिरून महालात परत आणतो. म्हणजे आपलाच पैसा फिरून आपल्याकडे! वाटेत त्याला गटारातल्या उंदीरमाणसांनी गाठलं की वसुली बुडाली. मी दोन महिने बाजार लांब कोपऱ्यात बांधत होतो, तिजोरी का रिकामी ते कळेना. शहर वाढलं की गटारांची तोंडं आपोआप उघडतात, कुठे ते आपल्या हातात नसतं. सिडकोच्या आखीव सेक्टरात राहणाऱ्याला हे पचायला जरा जड गेलं.

खटकणाऱ्या गोष्टी दोन. माझ्या लॅपटॉपवर माणसं मुंगीएवढी दिसतात. आणि प्रत्येक मोहीम शून्यापासून. जीव लावून वाढवलेला हीरो पुढच्या मोहिमेत येत नाही.

काल महालावर मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचे राक्षस, चालून आले, आणि माझे चारही वॉरियर खानावळीत आराम करत होते. झेंड्यावर हजार लावले. एक उठला.