हेडरची गळती काढायला गाडी दिली, आतला कॅट गेला

गॅरेजवाल्याने नव्या हेडरच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणारे एक्झॉस्टचे पाइप) जोडीचे 2,85,000 रुपये लावले, गाडीला जुनेच हेडर चंदेरी रंग मारून परत चढवले, आणि त्यातला कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पोखरून विकून खाल्ला. गाडी पोर्शे बॉक्स्टर (987 मॉडेल), गॅरेज नवी मुंबईतलं, 'ओन्ली जर्मन' पाटीवालं. नाव टाकत नाही, वकिलाने बजावलंय.

मूळ दुखणं साधं होतं. गार इंजिन सुरू केलं की डाव्या बाजूने टिक-टिक, तापल्यावर गायब. टॅपेटही (झडप हलवणारा भाग) कधी असा वाजून गप्प होतो, पण पोर्टपाशी, म्हणजे इंजिनातून धूर निघतो त्या भोकापाशी, काळी काजळी दिसली की हेडरचा फ्लँजच (इंजिनाला बोल्टने बसणारी सपाट कड) गळतोय समजा. धातू तापून फुगतो आणि फट बुजते, म्हणून आवाज जातो. स्कॅनरवर त्याच बँकेचा (त्या बाजूच्या सिलिंडरांचा) फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची वाढ, +18 टक्के आणि मिश्रण पातळ असल्याचा कोड पी0174. फटीतून नुसता धूर बाहेर पडत नाही, धुराच्या दोन धक्क्यांच्या मधे बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत बसतो.

एवढं सगळं मी गॅरेजवाल्याला तोंडी सांगितलं होतं. म्हणजे अडाणी गिऱ्हाईक मिळालं म्हणून फसवलं असं कोणी म्हणू नये.

त्याचं निदान: दोन्ही हेडर वेल्डपाशी तडकलेत, जोडी बदलावी लागेल. तडा बघायला मागितला तर मोबाइलवर फोटो आला. कुठल्याही गाडीचा असू शकेल असा, पाइपचा जवळून काढलेला फोटो. तडा फोटोत नाही, लिफ्टवर बघायचा. गार इंजिनात सायलेन्सरमधून स्मोक मशीनचा धूर सोडायला लावायचा, तो जिथून निघेल तिथे गळती. ज्या गॅरेजमध्ये स्मोक मशीन नाही त्याने लाखांचं एस्टिमेट देऊ नये.

हिशोब असा: हेडर 2,85,000, गॅस्केट-बोल्ट 18,400, मजुरी 42,000. एकूण 3,45,400. त्यातले 2,00,000 आगाऊ आयएमपीएसने, तेही गॅरेजच्या नाही तर त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात. 45,400 यूपीआय, 1,00,000 रोख. "पक्कं बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी लागेल साहेब, कशाला उगाच?" हे वाक्य ऐकलं की गाडीची चावी परत घ्या.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. गाडी ताब्यात घेताना लिफ्टखाली उभा होतो. हेडरला बोट लावलं तर बोटाला चंदेरी रंग आला. नवं स्टेनलेस स्टील रंगवून कोण देतं? ते नुसतंच चकचकीत असतं आणि तापल्यावर सोनेरी-निळसर पडतं. विचारलं तर म्हणाला, "हीट कोटिंग आहे, दोन राइडमध्ये पक्कं होईल." गाडीचा आवाजही वाढला होता. "नवे हेडर, आवाज खुलतोच." स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला हे पटतं, हे त्याला पक्कं ठाऊक. पहिल्यांदा सुरू केल्यावर धूर आला, तर "पाइपवरचं तेल जळतंय." नव्या पाइपवरचं तेल खरंच जळतं, त्यामुळे तेही खपलं. जुने पार्ट? "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला."

जुना हेडर कधीही सोडू नका. या गाडीत कॅट हेडरलाच जोडलेला असतो, आणि त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महागडे धातू असतात. ते भंगार नव्हे.

टिक-टिक परत आल्यावर दुसऱ्या मेकॅनिकने कॅटमागच्या सेन्सरच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला. आत पोकळी. कॅटचा डबा कापून, रिकामा करून, परत वेल्ड केलेला. पी0420 आणि पी0430 हे कॅट काम करत नसल्याचे कोड येऊ नयेत म्हणून मागच्या सेन्सरखाली स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब धरणारा तुकडा. एका पोर्टवर तर तुटलेल्या एम8 बोल्टचं नुसतं डोकं इपॉक्सीने चिकटवलेलं! एक्झॉस्टच्या उष्णतेपुढे इपॉक्सी किती टिकणार?

या दुसऱ्या मेकॅनिकने जे केलं तेच खरं काम: तुटलेल्या बोल्टवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला, जो निघाला नाही तो ड्रिल करून हेलिकॉइल (नव्या आट्यांची स्प्रिंग) बसवलं, फ्लँजवर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून वाकडेपणा मोजला, घासून सपाट केला, नवं गॅस्केट, नवे बोल्ट, आणि बोल्ट मधून बाहेर दोन फेऱ्यांत ठराविक जोराने (टॉर्क) आवळले. 38,500 रुपये. नव्या कॅटचा खर्च अजून व्हायचाय.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? "दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." माल चोरून विकला, यात दिवाणी काय? एनसीसुद्धा (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली नाही. वर एकाने विचारलं, एवढ्या महागाची गाडी घेता, मग तीन लाखांचं काय घेऊन बसलात? 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे पक्कं बिल आहे का. आरटीओत गेलो, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. मग कोणाच्या येतं? जीएसटी न भरता धंदा करतो अशी तक्रार दिली, त्याची पोच तेवढी मिळाली. आणि पीयूसीवाल्याने कॅट नसलेल्या गाडीला, नळी पाइपात न घालता, प्रमाणपत्र दिलं! सगळी यंत्रणा अशी, आणि लाजेने मान खाली घालायची ती आम्ही.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पोलिसांकडे तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारून पोच घ्या. मेव्हण्याच्या खात्यात गेलेले पैसे बँक स्टेटमेंटवर दिसतात, तोच सध्या माझा एकमेव कागद. गाडी देण्याआधी बोरस्कोपने कॅटच्या आतला फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तो नाही, आणि समोरच्याचा वकील आता म्हणतोय की डबा आधीपासूनच रिकामा होता.