मेलोनी आणि ऑर्बान: दोघं उजवेच, पण नाटोत वागणं वेगळं

आमच्या गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेलं कोणी ना कोणी प्रत्येक वाड्यावर आहे, त्यामुळे फोंड्याच्या चहाच्या टेबलावरही युरोपच्या राजकारणाची चर्चा होतेच, आणि तिथे सगळे कट्टर उजवे एकाच माळेचे मणी असं सर्रास बोलतात, ते मला अजिबात पटत नाही.

जॉर्जिया मेलोनी ऑक्टोबर २०२२ मध्ये इटलीच्या पंतप्रधान झाल्या, पक्षाची मुळं नवफॅसिस्ट परंपरेत, तरी युक्रेनला शस्त्रं चालूच ठेवली, २४ फेब्रुवारी २०२४ ला कीव्हला जाऊन १० वर्षांचा सुरक्षा करार केला, तेही सरकारमधले साथीदार पक्षाचे नेते साल्विनी कुरकुरत असताना.

हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ऑर्बान यांनी नाटो ही पाश्चात्त्य देशांची लष्करी युती सोडली नाही, पण आत राहून अडवलं. स्वीडनने मे २०२२ मध्ये नाटोत येण्यासाठी अर्ज केला, हंगेरीच्या संसदेची मंजुरी फेब्रुवारी २०२४ मध्ये, सगळ्यात शेवटी! युक्रेनची शस्त्रं आपल्या सीमेवरून थेट जाऊ दिली नाहीत, आणि जुलै २०२४ मध्ये युरोपियन युनियनच्या परिषदेचं फिरतं अध्यक्षपद हंगेरीच्या हातात येताच मॉस्कोत पुतिनना भेटले. नाटोत एकमत लागतं, म्हणून एकट्या छोट्या देशालाही एवढी ताकद मिळते.

मला मेलोनींचं स्थलांतराचं धोरण मुळीच आवडत नाही, पण सुरक्षेत त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.