दुरुस्ती की नवीन? मिक्सर, पंखा, फ्रिज आणि कुकरचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरातली एखादी वस्तू बिघडली की दुरुस्तीचा विचार आपोआप मागे पडतो. एक्स्चेंज असतं, हप्ते असतात, आणि "किती दिवस ओढायचं हे" असं घरात कोणीतरी म्हणतंच. पण ऑफर किंवा वस्तूचं वय पाहून हा निर्णय घेऊ नये. आधी दोन गोष्टी तपासाव्यात: यंत्र दिवसाला किती वेळ चालतं आणि त्यातला नेमका कोणता भाग गेला आहे. दहा मिनिटं चालणारं यंत्र नवं घेतलं तरी वीजबिलात काही फरक पडत नाही, त्यामुळे तिथे दुरुस्ती जवळजवळ नेहमी परवडते. बारा तास चालणाऱ्या यंत्राचं गणित निराळं. (पुढचे दुरुस्तीचे दर ढोबळ आहेत. गाव, ब्रँड आणि कारागीर यांनुसार ते वर-खाली होतील.)

मिक्सर: दुरुस्तीच करा, पण वेळेवर

७५० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तर वर्षाला साधारण ४५ युनिट वीज जाते. नवा मिक्सर यातले फार तर थोडे युनिट वाचवील. म्हणजे नव्याच्या बाजूने विजेचा मुद्दा उरतच नाही.

मिक्सर अचानक बंद पडला तर आधी प्लग काढून तो उलटा करा. तळाशी लाल किंवा काळं छोटं बटण असतं, ते ओव्हरलोडचं. मोटर तापली की ते बाहेर येतं. पंधरा-वीस मिनिटं थांबून ते दाबलं की बऱ्याचदा मिक्सर सुरू होतो, आणि तेवढ्यासाठी दुकानात जायची गरज नसते. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण भांड्यातली पाती फिरत नाहीत, असं असेल तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा दातेरी भाग, झिजला आहे. हा भाग शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. बहुतेक मिक्सरमध्ये मोटरवरच्या कपलरचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसताना पकड लावून जोर केला की शाफ्टच खराब होतो. मोठ्या ठिणग्या आणि जळका वास येत असेल, वेग कमी-जास्त होत असेल, तर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे, पाहावेत. ते जोडीनेच बदलायचे.

खरी काळजी भांड्याची घ्यायला हवी. भांड्याच्या तळाशी, पात्याच्या शाफ्टभोवती पितळी बुश (शाफ्टला धरून ठेवणारी कडी) आणि सील असतं. ते झिजलं की चटणीचं पाणी खाली पाझरतं, कपलरवरून मोटरमध्ये उतरतं आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, जळतं. पाती बोटाने हलवून पाहिल्यावर आडवी डुगडुगत असतील किंवा कपलरभोवती काळं, ओलसर पाणी दिसत असेल, तर भांडं त्याच आठवड्यात दुरुस्तीला द्या. बुश बदलायला दीडशे-दोनशे रुपये पुरतात. हेच काम सहा महिने लांबवलं तर आर्मेचरवर हजाराच्या आसपास खर्च होतो. दुरुस्ती परवडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे दुरुस्ती उशिरा झालेली असते.

नवा मिक्सर घेणं योग्य ठरतं ते आर्मेचर आणि फील्ड कॉइल (त्याभोवतीचं स्थिर वेटोळं) दोन्ही जळल्यावर, किंवा मोटरच्या खर्चात दोन भांड्यांचा खर्च मिळवून बेरीज नव्याच्या निम्म्यावर गेल्यावर. घरगुती मिक्सरवर बहुधा "३० मिनिटे रेटिंग, ५ मिनिटे चालू, २ मिनिटे बंद" असं लिहिलेलं असतं. कमी पाण्यात, भांडं काठोकाठ भरून इडलीचं पीठ सलग वाटलं तर नवा मिक्सरही जळतो. अशा घरात रोजच्या वाटणासाठी मिक्सर आणि पिठासाठी टेबलटॉप वेट ग्राइंडर अशी वाटणी करावी. सहाशे वॅटचा मिक्सर देऊन हजार वॅटचा आणल्याने ही अडचण सुटत नाही.

छताचा पंखा: इथे तास मोजावे लागतात

पंखा सर्व वेगांवर हळू फिरतो, किंवा काठीने ढकलल्यावरच सुरू होतो? कॅपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा डबीसारखा भाग, गेला आहे. साधारणपणे तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि त्याच मापाचा बसवायचा. वेग वाढेल म्हणून काही जण ३.१५ चा लावतात. वेग थोडा वाढतो, पण वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) जास्त तापतं आणि लवकर जळतं. घरघर येत असेल तर बेअरिंग पाहा. फक्त डगमगत असेल तर पात्यांचे स्क्रू आणि पात्यांचा बाक तपासा, मोटर उघडू नका. फक्त कमी वेगांवर गडबड असेल तर दोष रेग्युलेटरचा.

| | जुना पंखा दुरुस्त करून | नवा बीएलडीसी (सर्किट बोर्डावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा |
|---|---|---|
| आत्ताचा खर्च | कॅपॅसिटर मजुरीसह १००–२०० रु., बेअरिंग ३००–५०० रु., रीवाइंडिंग ५००–८०० रु. | २,५००–३,५०० रु. |
| पूर्ण वेगात वीज | ७०–८० वॅट | २८–३५ वॅट |
| इन्व्हर्टरवर | बॅटरी लवकर उतरते | दुपटीच्या आसपास वेळ चालतो |
| पुढचा बिघाड | जवळचा इलेक्ट्रिशियन करतो | सर्किट बोर्ड, बहुधा कंपनीकडूनच |

आता तास घाला. फरक ४५ वॅटचा धरू. बेडरूमचा पंखा वर्षातले ३०० दिवस बारा तास चालला तर १६२ युनिट वाचतात. आठ रुपये दराने ते जवळपास १,३०० रुपये होतात, म्हणजे पंख्याची किंमत सव्वादोन वर्षांत वसूल. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दोन तासच चालतो, तिथे वर्षाला २७ युनिट, म्हणजे सुमारे २१६ रुपये. तोच पंखा वसूल व्हायला तेरा-चौदा वर्षं लागतात. म्हणून "घरातले चारही पंखे बदला" या सल्ल्यापेक्षा सर्वांत जास्त चालणारे एक-दोन बदलणं शहाणपणाचं.

हिशेबात दर कोणता धरायचा? महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे असतात. वाचलेले युनिट तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून त्याच टप्प्याचा दर घ्या आणि त्यात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवा. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घराला बीएलडीसीचा फायदा फार सावकाश मिळतो. ३५० युनिटवाल्याला तो लगेच जाणवतो.

आमचं मत स्पष्ट आहे. कॅपॅसिटर किंवा बेअरिंग गेलं असेल तर दुरुस्त करा. वाइंडिंग जळलं असेल आणि पंखा रोज आठ तासांवर चालत असेल तर रीवाइंडिंगवर पैसे घालू नका. रीवाइंड करणारच असाल तर तांब्याची तार आणि मूळ गेज (तारेची जाडी) यांचा आग्रह धरा. स्वस्तात ॲल्युमिनियमची तार भरली जाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पंखा पुन्हा उतरवावा लागतो. बीएलडीसी बसवताना जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून सरळ जोडणी करून घ्या, नाहीतर बोर्ड जळतो. जिथे व्होल्टेज सारखं वर-खाली होतं, तिथे सर्किट बोर्ड किती दिवसांत आणि कितीला मिळतो हे पैसे देण्याआधी विचारा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेही पाहून घ्या.

फ्रिज: जुना म्हणजे खर्चिक, हे नेहमी खरं नसतं

"जुना फ्रिज वीज खातो" हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. मोजून पाहा. ऑनलाइन मिळणारा प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर २४ तास लावा. समजा रोज १.६ युनिट जातात, म्हणजे वर्षाला ५८४. नव्या फ्रिजच्या लेबलवर वर्षाला २०० युनिट लिहिलंय. फरक ३८४ युनिट, आठ रुपयांनी सुमारे ३,०७० रुपये. २५,००० चा फ्रिज यातून वसूल व्हायला आठ वर्षं लागतात. शिवाय लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, स्वयंपाकघरातल्या गरमीत आणि सतत उघडणाऱ्या दारात तो वाढतो. चालता फ्रिज केवळ बिलासाठी काढायला हे कारण पुरेसं नाही. ताऱ्यांपेक्षा युनिटचा आकडा वाचा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुना पाच तारे आजचा पाच तारे नसतो.

कॉम्प्रेसर सतत चालू असेल तर आधी दाराची रबरपट्टी तपासा. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज निसटत असेल तर तिथून गारवा जातो. कडक झालेली पट्टी गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होते का ते पाहा, नाहीतर नवी घ्या. मागच्या जाळीवरची धूळ काढा आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर बर्फाची भिंत आणि खाली दूध नासतंय, असं दिसलं तर बहुधा डीफ्रॉस्ट हीटर, टायमर किंवा सेन्सर गेलेला असतो. हे स्वस्त भाग आहेत.

"गॅस संपलाय" असं कोणी सांगितलं तर थांबा. बंद नळ्यांतला गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला की काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं आणि दोन-तीन हजार पुन्हा जातात. म्हणून आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. जोडावर असेल तर दुरुस्त होते. भिंतीतल्या फोममध्ये गाडलेल्या नळीत असेल तर दहा वर्षांच्या फ्रिजसाठी तो खर्च करू नये. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो, त्यामुळे वेल्डिंगचं काम त्याची माहिती असलेल्या माणसालाच द्यावं.

फ्रिज दहा-बारा वर्षांचा आणि कॉम्प्रेसर गेला, तर नवा घ्या. कॉम्प्रेसरचे सहा-आठ हजार नव्या किमतीतून वजा केले की विजेच्या बचतीतून उरलेला फरक पाच-सहा वर्षांत भरून येतो. फक्त जुना फ्रिज दुरुस्त करून "पाण्याच्या बाटल्यांसाठी" चालू ठेवू नका, सगळी बचत तिथेच बुडते.

कुकर आणि इस्त्री

कुकरची रबरी गास्केट, शिट्टी, दांडा, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सगळं बदलता येतं, आणि त्याच कंपनीचं घ्यावं. वितळलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी स्क्रू किंवा एम-सील कधीही लावू नये, तो व्हॉल्व्ह जीव वाचवण्यासाठी आहे. तळ फुगला असेल, आत खड्डे पडले असतील किंवा झाकणाची कड वाकली असेल, तर मात्र कुकर भंगारात द्यायचा. इथे काटकसर नको. इस्त्रीत बहुतेक वेळा वायर किंवा थर्मोस्टॅट जातो, दोन्ही बदलतात.

ऑफरचा कागद वाचताना

दुकानदाराला आधी एक्स्चेंजशिवाय, रोखीने अंतिम किंमत विचारा आणि नंतरच जुनी वस्तू दाखवा. जुन्या मिक्सरला मिळणारे "हजार रुपये" कधीकधी आधीच किमतीत चढवलेले असतात. बिनव्याजी हप्त्यांत व्याज असतंच. ते सवलत म्हणून आधी वजा करून दाखवतात, आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. प्रोसेसिंग फी आणि क्रेडिट कार्डवर व्याजाच्या भागावरचा १८ टक्के जीएसटी वेगळा.

सुटे भाग आणि सेवा केंद्रांची माहिती ग्राहक व्यवहार विभागाच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवर मिळते. ते डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं. दुरुस्तीला देताना काढलेला जुना भाग परत मागा, बिलावर बदललेल्या भागाचं नाव लिहून घ्या आणि कामाची निदान तीन महिन्यांची हमी घ्या. बदललेला कॅपॅसिटर किंवा ब्रश हातात द्यायला जो कारागीर तयार नसतो, त्याच्याकडे पुढचं काम नेऊ नका.